खडूचा बाण

आमच्या घरात मी गोष्ट सांगायला बसलो की ऐकणाऱ्यांनी ‘आणि मग?’ असं विचारायचं नाही, असा नियम आहे. ‘पुढं काय झालं?’ विचारा, ‘हं’ म्हणा, नाहीतर सरळ झोपा. बहुतेक जण झोपतातच. पण ‘आणि मग?’ हे दोन शब्द कानावर पडले की माझी गोष्ट जिथं असेल तिथं खाली बसते. धाकटीला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून ती मुद्दाम विचारते. मग ही स्वयंपाकघरातून ओरडते, “अगं, नको म्हणू तसं! आता सर सुरू होतील!”

आणि सर सुरू होतातच.

सर म्हणजे मला शिकवणारे सर नव्हेत. माझ्या गणिताची एकूण तब्येत पाहता ते मला शिकवायला नव्हते हे त्यांच्या दृष्टीनं बरंच झालं. मुरूमकडच्या एका शाळेत त्यांनी बरीच वर्षं गणित शिकवलं, पुढं हेडमास्तरांशी बिनसलं आणि ते आमच्या संस्थेत आले. बहात्तरचा मोठा दुष्काळ होऊन सात-आठ वर्षं झाली होती, आणि गावोगावी विहिरी खोदणाऱ्या, सोसायट्या उभ्या करणाऱ्या संस्था तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात बऱ्याच होत्या. आमचं ऑफिस तेरला, दोन खोल्यांचं. एका खोलीत सर, दुसरीत मी आणि टाइपरायटर. मी टायपिस्ट होतो. सासुरवाडीला मात्र ‘ऑफिसात असतो’ एवढंच सांगितलं होतं, आणि त्यांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला होता.

उन्हाळा असो, हिवाळा असो, सरांच्या अंगात काळा कोट असायचा. कोटाचा डावा खिसा पांढरा, कारण त्यात खडू असायचे. शाळा सुटली पण खडू काही सुटला नाही. कुणी काही बोलायला लागलं की सर खडू काढून जे समोर असेल त्यावर बाण काढायचे. कुणी म्हणालं, “औंदा ज्वारी बरी हाय,” की सर विचारणार, “आणि मग?” “मग काय, दाणं व्हत्याल.” दारावर एक बाण. “आणि मग?” “मग खायाला व्हईल.” दुसरा बाण. “आणि मग?” इथवर आलं की समोरचा माणूस बैलाचं निमित्त काढून उठायचा. एकदा सोसायटीच्या चेअरमनच्या म्हशीच्या काळ्याभोर अंगावर सरांनी तोंडापासून कासेपर्यंत लांबलचक बाण काढला आणि चेअरमनला विचारलं, “इकडून कडबा, तिकडून दूध. मधे काय होतं?” चेअरमन म्हणाला, “मधे म्हस असती, सर.” सरांना ते उत्तर इतकं आवडलं की आठवडाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

राग आला तर ते तोंडातल्या तोंडात कानडीत आकडे मोजायचे. ओंदु, एरडु, मूरु. मुरूम कर्नाटकाच्या सीमेलगत, तिकडं कानडी पोरासोरांच्याही तोंडात असते. मूरुच्या पुढं गेले तर मी टायपिंग थांबवून बाहेर चहाला जायचो.

त्यांची आणखी एक खोड होती, आणि तिच्यापायी आमच्या घरात पहिल्याच दिवशी रामायण झालं. माझी आई तेव्हा आमच्याकडं राहायला आलेली. सर जेवायला आले, पाटावर बसले, हिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. सरांनी तांब्याकडं पाहिलं आणि विचारलं, “पाणी कुठून आणलं?”

आई ताडकन उठून आत गेली. सर बौद्ध समाजाचे आहेत हे तिला कुणीतरी आधीच सांगितलेलं होतं. ते जेवायला येणार हे तिनं मन मोठं करून पत्करलं होतं, पण त्यांनीच आमच्या पाण्याची चौकशी करावी हे तिला सोसेना. “कोण समजतोय ह्यो सोताला?” ती आतून म्हणाली, हळू म्हणायचं म्हणून, पण आमच्या घराच्या भिंती पत्र्याच्या. “आमच्या पाण्याला इचारतोय!”

हीच पुढं होऊन म्हणाली, “नदीतल्या झऱ्याचं आहे, सर. मीच आणलं सकाळी.”

तेरणा नदीचं पात्र कोरडं होतं. वाळूत खड्डा केला की त्यात पाणी झिरपायचं, तो झरा. घरापासून चांगला लांब. सरांनी तांब्या उचलला, दोन घोट घेतले आणि खाली ठेवला. अख्खं जेवण दोन घोटांवर.

नंतर कळलं, हा त्यांचा हिशेब होता. पाणी दारातल्या आडाचं असेल तर तांब्या रिकामा करायचा. लांबून डोक्यावरून आलेलं असेल तर दोन घोट. उस्मानाबादच्या एसटी स्टँडवरच्या नळाला मात्र ते तोंड लावून पोट फुगेपर्यंत प्यायचे. आईनं पुढं हा प्रकार आपल्या पद्धतीनं मिटवला. सर दारात दिसले की ती आतूनच पुकारायची, “झऱ्याचं हाय, सुनंनं आणलंय, दोनच घोट घ्या!” सर हसायचे. मला वाटतं, आमच्या घरात ते फक्त आईच्या या पुकाऱ्यालाच मोकळं हसले.

तर अशा माणसाच्या हातात मुंबईच्या मुख्य ऑफिसातून एक तक्ता आला.

मोठा कागद, त्यावर चौकोनी खोकी, खोक्यांमधून बाण. आम्ही ज्या गावात विहीर खोदून, इंजिन बसवून सोसायटी काढून दिली होती, त्या गावाचं मूल्यमापन या तक्त्यावरून व्हायचं होतं. पहिल्या खोक्यात ‘विहीर व इंजिन’. बाण. ‘पाणी’. बाण. ‘रब्बीचं पीक’. बाण. ‘गावातच काम’. बाण. आणि शेवटच्या खोक्यात, ठळक अक्षरात, ‘ऊसतोडीसाठी गाव सोडणे थांबले’. ते खोकं भरलं की योजनेचा दुसरा टप्पा मंजूर. दुसरा टप्पा म्हणजे विहिरीपासून माळावरच्या वस्तीपर्यंत पाइपलाइन. गाव खाली नदीकाठी. माळावर बौद्ध कुटुंबांची वस्ती, आणि तिथल्या बायका खालून चढावर पाणी न्यायच्या.

तक्त्याच्या प्रती मी टाइप केल्या. टाइपरायटरवर बाणाचं टोक नव्हतं, ते मी शाईनं काढायचो, आणि या कलेचा मला इतका अभिमान होता की मी हिला दाखवायला एक प्रत घरी नेली होती. हिनं त्यावर लसूण सोलला.

पण सरांना तक्ता पाहून जो आनंद झाला त्याला तोड नव्हती. “बघा,” ते म्हणाले, “जगात कुणीतरी माझ्यासारखा विचार करतंय!” त्यांनी तक्ता घडी करून कोटाच्या उजव्या खिशात ठेवला आणि प्रत्येक बाण खरा आहे का ते तपासायला आम्ही एसटीनं गावात गेलो. दसरा उलटून गेला होता.

पाणी होतं. पीक उभं होतं. पण खालच्या आळीत निम्म्या घरांत फक्त म्हातारी माणसं आणि पोरं. कर्ती माणसं मुकादमाच्या ट्रकांतून ऊसतोडीला गेलेली. विहीर नव्हती तेव्हा जेवढी जात होती त्याहून जास्त.

“हे कसं?” सर म्हणाले. ओंदु, एरडु.

उत्तर माळावर मिळालं. गयाबाई नावाची बाई डोक्यावर दोन घागरी घेऊन चढ चढून आली होती. दारात तिची सासू बसलेली, डोळ्यांनी दिसत नव्हतं तिला. सरांनी खडू काढून दारातल्या दगडावर एक बाण काढला.

“गयाबाई, खाली विहिरीला पाणी आलं. आणि मग?”

“मग काय, खालच्या म्हाताऱ्यांला दारात पानी झालं.”

“आणि मग?”

“मग त्या घरी ऱ्हात्यात. पोरं साळंत, म्हस म्हातारीपशी. ल्योक-सुना बिनघोर जात्यात तोडीला. आदी न्हाय जाता येत व्हतं कुणाकुणाला. म्हातारं मानूस कुणावर टाकून जावं?”

“आणि तुम्ही?”

“आमचं बिऱ्हाडच जातंय की सर, सगळं. हिला गाडीत घालायची, तिकडं फडावर पाचटाची कोपी घालायची, तिच्यात ठिवायची.” तिनं सासूकडं पाहिलं. “इथं ठिवली तर चढावर पानी कोन आनून दील हिला? औंदा पाइपाचं ठरतंय म्हनत्यात, म्हनून थांबलाव. मुकादम रोज शिव्या घालतोय.”

सासू आवाजाच्या दिशेनं तोंड वळवून म्हणाली, “मला न्हाय जायाचं बाबा तिकडं. पाचटाच्या कोपीत लई थंडी वाजती. पाइप आनतावसा न्हवं?”

सर त्या दगडाशीच खाली बसले. मुंबईच्या तक्त्यात पाणी आल्यावर माणसं गावात राहणार होती. गावाच्या हिशेबात पाणी आल्यामुळंच ती जाऊ शकत होती. जाणं हे त्यांचं दुखणं नव्हतंच. जाताना आईला गाडीत घालणं हे होतं. सरांनी दगडावरचा बाण अंगठ्यानं पुसला आणि उलट्या दिशेनं काढला. परतीच्या एसटीत ते लहान पोरासारखे खूश होते. “आपलं काम यशस्वी झालंय,” ते मला म्हणाले. “फक्त खोकं चुकलंय. दाखवलं की पटेल.”

गणिताच्या मास्तरांचा हा एक भोळेपणा असतो. त्यांना वाटतं, सिद्ध केलेली गोष्ट माणसं मान्य करतात.

चेअरमनला तसलं काही वाटत नव्हतं. मुंबईचे साहेब पाहणीला येणार असं कळल्यावर त्यानं सरळ मार्ग काढला. तामलवाडीला त्याची सासुरवाडी. तिथून त्यानं दोन टेम्पो भरून पाहुणे आणले, ज्या थोड्या घरांना कुलूप होतं त्यांची कुलपं काढली आणि घराघरात कर्ती माणसं बसवली. चुली पेटल्या. अंगणात सारवण झालं. वस्तीलाही त्यानं सांगून ठेवलं होतं की मंजुरी मिळाली की पाइप येईपर्यंत सोसायटीची बैलगाडी रोज पाण्याचं पिंप घेऊन वर येईल, म्हणजे गयाबाईला सासू ठेवून जाता येईल. मुकादमाचा शेवटचा ट्रक पाहणीच्या दिवशीच रात्री निघणार होता. गयाबाई सासूचा हात धरून सोसायटीच्या कट्ट्याशी येऊन उभी होती.

साहेब आले. सज्जन माणूस, मऊ बोलणारा. मी त्यांच्या स्वागताचं इंग्रजी वाक्य आठ दिवस पाठ केलं होतं. ऐन वेळी ते माझ्या तोंडातून मराठीत निघालं, आणि तेही निम्मंच.

एका अंगणात तामलवाडीचा एक पाहुणा घरमालक होऊन बसला होता. साहेबांनी विचारलं, “तुम्ही इथंच राहता?”

“जल्मापासनं,” तो म्हणाला, आणि म्हशीच्या पाठीवर मालकाच्या थाटात हात ठेवायला गेला. म्हशीनं त्याला असं ढकललं की तो चुलीपर्यंत गेला. चुलीपाशी त्याची बायको म्हणून बसवलेली बाई त्याची मावसबहीण होती. ती घाबरून ओरडली, “दादा, लागलं का ओ?”

साहेबांनी माझ्याकडं वळून हळूच विचारलं, “इकडं नवऱ्याला दादा म्हणतात?”

“काही घरांत,” मी म्हणालो. साहेबांनी ते लिहून घेतलं.

एकूण सगळं छान चाललं होतं. कट्ट्यावर चहा झाला. साहेबांनी तक्ता उघडला, एकेका खोक्यावर खूण करत शेवटच्या खोक्यापाशी आले आणि सरांकडं पाहून म्हणाले, “मग हेही झालं म्हणायचं?”

सर उठले. चेअरमननं मागून त्यांचा कोट धरला. “सर, बसा की. च्या घ्या आनखी.” सरांनी कोट सोडवून घेतला आणि खडू काढला. सोसायटीच्या दारावर त्यांनी बाण काढत काढत सगळं मांडलं. पाणी. म्हातारी माणसं घरी सुखात. कर्ती माणसं बिनघोर बाहेर. “साहेब, ही समोर बसलेली मंडळी तामलवाडीची आहेत. घरमालक उसावर आहेत. आणि ते जाऊ शकले हेच आपल्या विहिरीचं यश आहे. आता हेच माळावर करायचं आहे. खोकं बदला, काम बदलू नका.”

ती मावसबहीण पदराआड गेली.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दारावरच्या बाणांकडं पाहून ते म्हणाले, “तुमचं म्हणणं मला कळतंय. पण म्हाताऱ्या आई-वडिलांना मागं टाकून मुलं निघून जातात, याला यश कसं म्हणू? कुटुंब एकत्र राहावं म्हणूनच तर ही योजना होती.”

“एकत्रच जात होते, साहेब,” सर म्हणाले. “आईला गाडीत घालून.”

“मी वर सांगेन तुमचं म्हणणं,” साहेब म्हणाले. “पण जाणारे वाढलेत असं लिहून मी दुसरा टप्पा मागू शकत नाही. आणि...” त्यांनी तामलवाडीच्या मंडळींकडं नुसतं पाहिलं. तक्ता घडी झाला. जीप गेली.

मग चेअरमन फुटला. “काय गरज व्हती, सर? आँ? झाकली मूठ उघडून दावली! पाइप काय माझ्या मळ्यात येनार व्हता? तुमच्याच लोकांची पाइपलाइन व्हती की ओ ती!”

“म्हणूनच,” सर म्हणाले.

एवढंच. हा शब्द मला तेव्हा कळला नाही. मला वाटलं, हट्टानं बोलले. पुढं नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर कळला. आमच्या ऑफिसात कुणी आपल्या पाहुण्याला विहीर दिली तर लोक म्हणायचे, ओळख आहे. सरांनी माळावर एक हातपंप सुचवला तर लोक म्हणायचे, शेवटी आपल्या लोकांकडं गेले. मी खोटं बोललो, तर ते एका टायपिस्टाचं खोटं ठरलं. त्यांचं खोटं त्यांच्या एकट्याचं राहिलं नसतं. खरं बोलण्याची ही सक्ती आमच्यापैकी कुणावरच नव्हती, आणि ती त्यांच्यावर आहे हे आम्हाला दिसतही नव्हतं.

चेअरमननं रागाच्या भरात पिंपाची गाडीही रद्द केली. सर गयाबाईपाशी गेले. म्हणाले, “तुम्ही आजींना ठेवून जा. पाण्याचं मी बघतो. मी आणून देईन.”

गयाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. “तुमी किती दिस आनचाल, सर? तुमची नोकरी तेरला.”

सासू विचारत होती, “काय झालं गं? पाइप आला का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सर ऑफिसात आले नाहीत. तेरमधून कुणाची तरी बैलगाडी आणि पिंप मागून घेऊन ते गावाकडं गेले होते. मी उन्हं डोक्यावर आल्यावर पोचलो, तर ते वस्तीवर बसलेले. पिंप भरलेलं. गयाबाईच्या दाराला कुलूप. ट्रक रात्रीच गेला होता, तिचं सगळं बिऱ्हाड घेऊन, आजीलाही. सरांनी ते पाणी शेजारच्या घरांत वाटलं आणि गाडी हाकत परत आले. कोट भिजला होता, खिशातल्या खडूंचा लगदा झाला होता.

गुढीपाडव्याच्या पुढं बिऱ्हाडं परतली. गयाबाईच्या गाडीत सासू नव्हती. तिकडंच, पाचटाच्या कोपीत, थंडीत गेली.

सर त्यानंतरही संस्थेत होते. काम तसंच करायचे. पण कोटाचा डावा खिसा हळूहळू उजव्यासारखा काळा झाला आणि कुणी काही सांगायला लागलं तर ते नुसते ऐकून घ्यायचे. पुढचं विचारायचे नाहीत. लोकांना सुटल्यासारखं झालं असेल. चेअरमननं एकदा आपण होऊन त्यांच्यापुढं म्हैस आणून उभी केली, “काढा की सर बान एखादा.” सर तिच्या पाठीवर थोपटून निघून गेले.

मधे बरीच वर्षं गेली. संस्था बंद झाली, मी दुसरीकडं चिकटलो, सर मुरूमला जाऊन राहिले. मग माळावर सरकारी नळ आला. गयाबाईनं कुणाकरवी तरी मला निरोप धाडला, “सरांला घिऊन या.” मी आणि ही, दोघं मुरूमला जाऊन त्यांना घेऊन गेलो. कोट तोच, आतला माणूस आखडलेला.

गयाबाईही म्हातारी झाली होती. लेक आणि सून तोडीला गेलेले. ती, नातू आणि शेळ्या घरी. नळ तिच्या दारालाच. “जेवलाव का, सर?” तिनं विचारलं, पण उत्तराची वाट न पाहता नळाखाली तांब्या धरला, काठोकाठ भरला, पदरानं बाहेरून पुसला आणि सरांपुढं ठेवला.

सरांनी तांब्याकडं पाहिलं. पाणी कुठून आणलं हे विचारण्याची गरजच नव्हती. नळ अजून ठिबकत होता.

“सर,” गयाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं हे इतकी वर्षं सांभाळून ठेवलं असावं आणि आता नीट पुढं ठेवत असावी, असं बोलली. “त्या दिशी तुमी खरं बोल्लाव. समदं गाव खोटं बोलत व्हतं, तुमी एकलेच खरं बोल्लाव.” तिनं तांब्या थोडा पुढं सरकवला. “आनि मग?”

ही माझ्या दंडाला धरून उभी होती. तिची पकड घट्ट झाली.

सरांचा हात डाव्या खिशाकडं गेला आणि तसाच परत आला. त्यांनी तांब्या उचलला. दोन घोट घेतले. खाली ठेवला.

“नळ दारात हाय, सर,” गयाबाई म्हणाली. “प्या की सगळं.”

सरांनी नको म्हणून मान हलवली. गयाबाई तांब्या उचलून अंगणातल्या शेवग्याच्या बुंध्याशी गेली आणि उरलेलं पाणी हळूहळू तिथं ओतलं.